सुदान: धान्याची पोती की हातात रोख?
एप्रिल २०२३ पासून सुदान युद्धात होरपळतोय. बाजार सुरू असेल तिथे मी रोख मदतीच्या बाजूने आहे. मोबाइलवर पैसे आले की आई ज्वारी घेते, उरलेल्यात औषध किंवा सरपण. धान्याचे ट्रक शेजारच्या चाडमधून आद्रे या सीमानाक्यावरून पश्चिम सुदानमधल्या दारफुरला येतात. पावसाळ्यात चिखलात रुततात, नाक्यानाक्यावर अडवले जातात.

पण दारफुरमधल्या अल-फाशर शहरात वेढ्याच्या काळात बाजारच ओस पडला. माणसांनी ‘अंबाझ’, म्हणजे जनावरांना घालायची भुईमुगाची पेंड खाऊन दिवस काढले. पैसे चावून पोट भरत नाही. तिथे ट्रकच पोचायला हवे होते. नेटवर्क गेलं तर रोखही अडकते. अशा वेळी वस्तीतल्या ‘तकाया’ म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघरांना आधी मदत द्यावी, तिथले स्वयंसेवक जिवावर उदार होऊन डाळ शिजवतात.