भाऊबीजेला ताईला सोल्डरिंग आयर्न द्यावा की अर्डुइनो किट?

दरवर्षी साडी, नाहीतर पाकिटात पाचशेची नोट. पण एखादी ताई किंवा वहिनी अशी असते की रिमोट बंद पडला तर मेकॅनिकच्या आधी स्क्रू ड्रायव्हर शोधते. तिला ओवाळणीत इलेक्ट्रॉनिक्सचं काही द्यायचं म्हटलं तर तीन पर्याय समोर येतात. मी लातूरची, तिन्ही वापरून झालेत.

अर्डुइनो म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड. त्याचं स्टार्टर किट सगळ्यात देखणं. खोकं उघडलं की ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची भोकांची पाटी), रंगीबेरंगी वायरी, सेन्सर. भावाला दिल्यासारखं वाटतं, बहिणीला मिळाल्यासारखं. त्यातला ऊनो नावाचा बोर्ड ५ व्होल्टवर चालतो, वायरी जोडायला १४ डिजिटल पिना आहेत, शिकायला सोपा. घोडं अडतं ते लॅपटॉपपाशी. प्रोग्राम टाकायला तो लागतो, आणि आमच्याकडे लॅपटॉप पोराच्या क्लासचा. मोकळा होतो रात्री अकराला, तेव्हा डोळे मिटलेले असतात. माझं किट दोन दिवाळ्या माळ्यावर होतं, अनारशाच्या डब्यामागं.

सोल्डरिंगचा संच दिसायला अगदीच रुक्ष. २५ वॅटचा आयर्न म्हणजे तापणारी कांडी, तिनं वितळवून जोड द्यायची सोल्डर वायर, आणि व्होल्टेज मोजणारा साधा मल्टिमीटर. सोबत पळत्या दिव्यांचं सुटं किट टाका. त्यात ५५५ नावाची आयसी, म्हणजे चिप, ठोके देते आणि ४०१७ नावाची दुसरी आयसी ते ठोके मोजत दहा एलईडी एकामागून एक पेटवते. ही ५५५ बाजारात आली १९७२ साली, अजूनही ती सर्रास वापरली जाते. संध्याकाळभरात जोडणी होते आणि आकाशकंदिलात बसवता येते. लॅपटॉप नको, इंटरनेट नको.

खरी मजा त्यानंतरची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलंय आम्ही. टाकी वाहून गेली की जीव तुटतो. म्हणून टाकी भरली की ओरडणारा अलार्म करायचा: स्विचसारखा चालणारा एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, वीज रोखणारा एक रेझिस्टर, बझर आणि ९ व्होल्टची बॅटरी. दोन वायरी टाकीत सोडायच्या, पाणी दोन्हींना टेकलं की बझर ओरडतो. बोअरचं पाणी क्षारांचं, त्यामुळे वीज छान वाहते. मात्र पॉझिटिव्हची तांब्याची वायर त्याच पाण्यात झिजते. टोकाला स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लावा आणि अधूनमधून क्षार खरवडा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आवाज ऐकून मला तसलाच करायला लावला.

तिसरा पर्याय ईएसपी३२, हाही अर्डुइनोसारखाच प्रोग्राम टाकायचा बोर्ड. वायफाय, ब्लूटूथ बोर्डावरच. टाकीची पातळी थेट मोबाइलवर. ऐकायला भारी, पण यालाही लॅपटॉप हवाच. पिना ३.३ व्होल्टच्या, आणि अंतर मोजणारा नेहमीचा सेन्सर ५ व्होल्टचा सिग्नल परत देतो, म्हणजे तो कमी करायला मध्ये दोन रेझिस्टर आले. टाकीतल्या वाफेनं तो सेन्सर खराब होतो, वॉटरप्रूफ घ्यावा लागतो. शिवाय लाइट गेली की राउटर झोपतो आणि मोबाइलवर काहीच दिसत नाही. बॅटरीवरचा बझर तेव्हाही ओरडतो. रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) लावून २३० व्होल्टची मोटर चालू-बंद करायचा मोह पहिल्या वर्षी तरी नकोच.

माझ्या मते, ताईकडे स्वतःचा लॅपटॉप असेल आणि कॉलेजात थोडंफार प्रोग्रामिंग झालं असेल तर ईएसपी३२ द्या, अर्डुइनोत अडकू नका. भाचा-भाची सातवी-आठवीत असतील आणि मायलेकरं मिळून बसणार असतील तर अर्डुइनो. बाकी सगळ्यांना सोल्डरिंग. मल्टिमीटर मात्र तिन्हींसोबत द्या. साधा दोन-तीनशेत येतो आणि रिमोटचे सेल संपलेत की रिमोट गेलाय हे घरबसल्या कळतं.

सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतीलच असं नाही, आणि दिवाळीत कुरिअर रेंगाळतं. दसऱ्यालाच मागवा. आणि आयर्नसोबत स्टँड घ्यायला विसरू नका. माझ्या टेबलक्लॉथला पडलेलं भोक अजून फुलदाणीखाली झाकलेलं आहे.