२४० जीबीच्या एसएसडीवर नऊ महिने: कोणता गेम आत, कोणता माळ्यावर

नऊ महिन्यांपूर्वी मी घरच्या जुन्या डेस्कटॉपसाठी २४० जीबीची साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपवर साठवणारा, हार्डडिस्कहून वेगवान ड्राइव्ह; साटा ही तिची जुन्या धाटणीची जोडणी) घेतली, तेव्हा दुकानदाराने "यात फक्त विंडोज टाका, गेम हार्डडिस्कवरच राहू द्या" असा सल्ला दिला होता. तो मी पाळला नाही आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही. मात्र एवढ्याशा जागेत कोणता गेम ठेवायचा आणि कोणता बाहेर काढायचा, हे कळायला मला जवळजवळ तीन महिने लागले आणि त्या काळात केलेल्या बहुतेक चुका टाळता येण्यासारख्या होत्या.

संगणकात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचे जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आणि ७२०० आरपीएमची १ टीबी हार्डडिस्क आहे. प्रणाली विंडोज ११. ड्राइव्हचे नाव मी मुद्दाम देत नाही. या किमतीच्या ड्राइव्हमध्ये एकाच नावाखाली आतला कंट्रोलर आणि मेमरी चिप वेळोवेळी बदलत असतात, त्यामुळे माझ्या खोक्यात जे निघाले तेच तुमच्या खोक्यात निघेल याची खात्री नसते. माझी एसएसडी टीएलसी प्रकारची (एका पेशीत तीन बिट साठवणारी) आहे, तिच्यात स्वतंत्र डीरॅम (ड्राइव्हच्या नोंदींसाठीची वेगवान स्मृती) नाही आणि माहितीपत्रकात लेखनक्षमता, म्हणजे तिच्यावर एकूण किती लिहिता येईल याची मर्यादा, ८० टीबी अशी दिली आहे. या शेवटच्या आकड्याकडे मी सुरुवातीला लक्ष दिले नाही. त्याची गोष्ट पुढे येईल.

खोक्यावर २४० जीबी लिहिलेले असले तरी विंडोज त्याचे २२३ जीबीच दाखवते. यात फसवणूक नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. विंडोज, ड्रायव्हर आणि नेहमीचे प्रोग्राम मिळून माझ्याकडे सुमारे ४८ जीबी जातात. हा आकडाही सुरुवातीला बराच मोठा होता. हायबरनेशनची (रॅममधले सारे डिस्कवर लिहून संगणक बंद करण्याच्या सोयीची) फाइल रॅमच्या ४० टक्के, म्हणजे माझ्याकडे ६.४ जीबी जागा अडवून बसली होती; डेस्कटॉपला हायबरनेशनचा उपयोग नसल्याने कमांड प्रॉम्प्टमधून ‘पॉवरसीएफजी’ वापरून ते बंद केले. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होते, पण एसएसडीवर त्यामुळे पडणारा फरक मला तरी जाणवला नाही. विंडोजचे मोठे अपडेट आले की जुनी आवृत्ती ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये दहा दिवस पडून राहते, तीही डिस्क क्लीनअपमधून काढता येते. डाउनलोड आणि व्हिडिओ ही दोन फोल्डरे त्यांच्या प्रॉपर्टीजमधील लोकेशन या भागातून हार्डडिस्कवर वळवली. जागा नेमकी कुठे गेली हे पाहण्यासाठी विझट्री हे साधन चांगले आहे. ते एनटीएफएस या विंडोजच्या फाइलव्यवस्थेची मुख्य नोंदच थेट वाचत असल्याने संपूर्ण ड्राइव्हचा हिशेब काही सेकंदांत मांडते.

जागा वाचवण्याच्या उत्साहात मी पेज फाइलही (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल वापरते ती) पूर्ण बंद केली होती, ते मात्र करू नये. विंडोज सर्व प्रोग्रामना मिळून जितकी स्मृती देण्याचे कबूल करू शकते, ती मर्यादा रॅम आणि पेज फाइल यांच्या बेरजेइतकी असते. मोठे गेम प्रत्यक्ष वापरापेक्षा बरीच जास्त स्मृती आधीच राखून ठेवतात, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये रॅम मोकळी दिसत असतानाच गेम काहीही न सांगता बंद पडू लागला. दोष ग्राफिक्स कार्डात आहे असे समजून मी दोन वेळा ड्रायव्हर नव्याने टाकले. पेज फाइल पुन्हा विंडोजच्या ताब्यात दिल्यावर तो त्रास थांबला.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पहिल्या महिन्यात मी जे गेम सर्वांत जास्त खेळले जातात तेच एसएसडीवर ठेवले, आणि ऐकायला हे अगदी रास्त वाटते. धाकटा भाऊ रोज व्हॅलोरंट खेळतो म्हणून तो आत गेला, मी अधूनमधून काउंटर-स्ट्राइक २ खेळतो म्हणून तोही आत गेला, आणि रेड डेड रिडेम्प्शन २ बाहेर राहिला, कारण तो अधिकृतपणे १५० जीबी जागा मागतो. नंतर मोबाइलचे स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक गेमची वेळ दोन्ही ठिकाणी मोजली, तेव्हा ही वाटणी नेमकी उलटी असल्याचे दिसले. व्हॅलोरंटसारख्या सामन्यात सर्व दहा खेळाडू येईपर्यंत थांबावेच लागते. भाऊ वीस सेकंद आधी पोहोचला तरी तो समोरच्या चित्राकडे पाहत बसतो, कारण कोणातरी दुसऱ्याचा संगणक अजून लोड करत असतो. याउलट रेड डेडसारख्या विस्तीर्ण जगाच्या गेममध्ये घोडा पुढे जाईल तसतसा पुढचा प्रदेश डिस्कवरून सतत वाचला जातो. हार्डडिस्कवर गावात शिरताना चित्र क्षणभर अडखळायचे आणि भिंतींचे पोत उशिरा उमटायचे; एसएसडीवर ते जवळजवळ थांबले. फ्रेमची सरासरी मात्र एकानेही वाढली नाही आणि ती वाढेल अशी अपेक्षाही कोणी धरू नये.

मोजमाप करताना एक खबरदारी घ्यावी लागते, नाहीतर निष्कर्ष चुकतात. एकदा उघडलेल्या गेमच्या फायली विंडोज मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवते, म्हणून दुसऱ्यांदा तोच गेम हार्डडिस्कवरूनही पटकन उघडतो. १६ जीबी रॅम असेल तर चार-पाच जीबीचा एखादा जुना गेम पहिल्या वेळेनंतर कुठेही ठेवला तरी सारखाच. त्यामुळे प्रत्येक मोजणीआधी संगणक पुन्हा सुरू करावा. असे केल्यावर रेड डेडचा जतन केलेला डाव उघडण्याची वेळ माझ्याकडे सुमारे दोन मिनिटांवरून पाऊण मिनिटावर आली, तर एका जुन्या द्विमितीय गेममध्ये फरक तीन सेकंदांचा निघाला.

आणि सगळीच वाट पाहणे डिस्कमुळे नसते. याचे उत्तम उदाहरण जीटीए ऑनलाइनचे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका प्रोग्रामरने दाखवून दिले की त्या गेमच्या लोड होण्यातला मोठा काळ सुमारे १० एमबीची एक यादी अत्यंत अकार्यक्षम रीतीने वाचण्यात जात होता आणि त्यात प्रोसेसरचा एकच कोअर अडकून पडलेला असायचा. त्याच्या दुरुस्तीने त्याच्या संगणकावर ही वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटली; गेमची कंपनी रॉकस्टारने पुढच्याच महिन्यात ती दुरुस्ती गेममध्ये आणली आणि त्याला १०,००० डॉलरचे बक्षीस दिले. त्याआधी कितीतरी जणांनी केवळ त्या गेमसाठी एसएसडी घेतली असेल!

मोकळ्या जागेचा प्रश्न मला सर्वांत महाग पडला. टीएलसी मेमरीच्या प्रत्येक पेशीत तीन बिट बसतात, पण तीन बिट लिहायला वेळ लागतो; म्हणून ड्राइव्ह रिकाम्या पेशींमध्ये आधी एकेकच बिट झपाट्याने लिहून घेतो आणि सवडीने ते नीट भरून ठेवतो. रिकाम्या पेशी जितक्या कमी, तितका हा झपाटा लवकर ओसरतो. एकदा मी ६० जीबीचा गेम हार्डडिस्कवरून आणत होतो आणि तो आल्यावर जेमतेम १० जीबी उरणार होते. सुरुवातीला प्रति सेकंद १५० एमबीने चाललेली नक्कल अर्ध्यावर आल्यानंतर ५० एमबीच्याही खाली गेली, म्हणजे जुन्या हार्डडिस्कलाच एसएसडीसाठी खोळंबावे लागले. तेव्हापासून मी ३५ जीबी काहीही झाले तरी रिकामे ठेवतो. याचा दुसरा फायदा स्टीमच्या (गेम विकत घेण्याच्या आणि उतरवण्याच्या प्रोग्रामच्या) अपडेटच्या वेळी होतो. काही गेम आपला सारा माल मोजक्याच अवाढव्य फायलींत बांधतात. अपडेट पाचशे एमबीचे असले तरी ती संपूर्ण फाइल शेजारी नव्याने रचावी लागते, आणि मग स्टीम वीस-तीस जीबी जागा मागते. विंडोजकडून ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवणे) चालू आहे ना, हेही एकदा तपासावे. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ या खिडकीत ड्राइव्हचा प्रकार सॉलिड स्टेट असा दिसत असेल आणि ठरलेल्या वेळी ते काम होत असेल तर आणखी काही करण्याची गरज नाही.

थोडक्यात, २२३ मधून विंडोजचे ४८ आणि राखीव ३५ वजा केले की गेमसाठी १४० जीबी उरतात. या हिशेबात एका वेळी एकच मोठा गेम बसतो, हे स्वीकारल्यावर माझी धडपड संपली. रेड डेड माझ्याकडे प्रत्यक्षात १२० जीबीच्या आसपास भरला. दोन महिने तो आत राहिला, कथा पूर्ण झाली आणि त्याची रवानगी हार्डडिस्कवर झाली. घरात सणाची भांडी माळ्यावर असतात आणि लागतील तेव्हा खाली येतात, तसेच हे आहे. स्टीममध्ये दोन्ही ड्राइव्हवर लायब्ररी नोंदवून ठेवली की गेमच्या प्रॉपर्टीजमधून तो एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवता येतो. आमच्याकडचे इंटरनेट ४० एमबीपीएसचे आहे. १०० जीबी पुन्हा उतरवायला साडेपाच तास लागतात, तर हार्डडिस्कवरून आणायला साधारण वीस मिनिटे. म्हणून गेम काढून टाकू नये, हलवावा. एकदा हलवताना मध्येच वीज गेली आणि अर्ध्या फायली इकडे, अर्ध्या तिकडे अशी अवस्था झाली. फायलींची पडताळणी केल्यावर स्टीमने हरवलेला भाग पुन्हा उतरवला. त्यानंतर यूपीएस आला.

जागा वाढवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे विंडोजमधील ‘कॉम्पॅक्ट’ हे फायली दाबून लहान करून ठेवण्याचे तंत्र. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधली जुनी कॉम्प्रेशनची खूण वेगळी आहे आणि ती गेमसाठी मी सुचवणार नाही. कॉम्पॅक्टजीयूआय हे मोफत साधन नवी पद्धत वापरते, जिच्यात वाचताना प्रोसेसरवर फारसा भार येत नाही. ११ जीबीचा एक जुना गेम माझ्याकडे ६ जीबीवर आला, आणि दुसऱ्या एकात काहीच वाचले नाही, कारण त्याच्या फायली आधीच दाबलेल्या होत्या. अपडेट आले की बदललेल्या फायली पुन्हा फुगतात. सतत अपडेट होणाऱ्या गेमसाठी हा उद्योग करण्यात अर्थ नाही. कधीकधी गेमच विनाकारण मोठा असतो: हेलडायव्हर्स २ हा गेम हार्डडिस्कवाल्यांच्या सोयीसाठी तोच माल अनेकदा साठवत होता, आणि २०२५च्या अखेरीस निर्मात्यांनी त्या प्रती काढल्यावर तो सुमारे १५० जीबीवरून २३ जीबीवर आला.

आता त्या ८० टीबीची गोष्ट. पहिले दोन महिने एनव्हिडियाचे इन्स्टंट रिप्ले चालू होते. ते मागची काही मिनिटे हाताशी ठेवण्यासाठी खेळ चालू असेपर्यंत डिस्कवर सतत लिहीत राहते. ५० एमबीपीएसच्या दर्जावर हे तासाला २२.५ जीबी होते. रोज तीन तास धरले तर वर्षाला २४ टीबीहून अधिक, म्हणजे एकही गेम न टाकता तीन-सव्वातीन वर्षांत ड्राइव्हची सांगितलेली मर्यादा संपेल. ड्राइव्हची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये एकूण लेखनाचा आकडा पाहून मी चमकलो. रिप्लेच्या तात्पुरत्या फायलींचे ठिकाण त्याच दिवशी हार्डडिस्कवर वळवले. एनव्हिडियाच्या शेडर कॅशला (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे शेडर, तयार करून ठेवण्याच्या जागेला) मात्र हात लावू नये. सफाई करणारे प्रोग्राम दोन-तीन जीबी वाचवल्याचे मिरवतात, आणि मग प्रत्येक गेम ते शेडर नव्याने घडवताना पुन्हा अडखळतो.

आज नव्याने घ्यायची झाली तर मी १ टीबीची घेईन, कारण सायबरपंक २०७७ आणि स्टारफील्डसारखे गेम किमान गरजेतच एसएसडी मागतात आणि त्यांच्या आकारापुढे २४० जीबी तोकडी पडते. साटाहून वेगवान अशा एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीसाठी वेगळे पैसे मोजण्याची घाई मात्र माझ्या संगणकावर मला दिसत नाही.

नऊ महिन्यांत एकूण लेखन ९ टीबीच्या जवळ पोहोचले आहे आणि त्यातले निम्म्याच्या आसपास त्या पहिल्या दोन महिन्यांचे आहे. सध्या आत जीटीए ५ आणि तीन लहान गेम आहेत, ४१ जीबी मोकळी आहे. भावाला फोर्झा होरायझन ५ हवा आहे, तो ११० जीबी मागतो. येत्या रविवारी जीटीए माळ्यावर जाईल.