डिपॉझिट खात्यात आल्याशिवाय चावी देऊ नका

वाकडचा टू बीएचके, भाडं 19,500, डिपॉझिट 80,000. घर सोडल्यावर परत आले फक्त 23,000. बाकीचे 57,000 ओनर काकांनी गिळले आणि वर व्हॉट्सॲपवर यादी टाकली, रंगकाम 22,000, डीप क्लीनिंग 6,500, किचन ट्रॉल्या 9,000 आणि "नोटीस दिली नाही" म्हणून अख्ख्या महिन्याचं भाडं 19,500.

नोटीस दिली नाही?? महिनाभर आधी फोन करून सांगितलं होतं. मेसेज टाकते म्हटलं तर म्हणाले, "अगं मेसेज कशाला, आपण काय परके आहोत का, लक्षात आहे माझ्या". तिथेच कळायला हवं होतं! लाईट बिल जरा लेट झालं तरी मेसेज करणारा माणूस, त्याला नेमकी हीच गोष्ट लेखी नको? पण दर महिन्याला वेळेवर भाडं दिलंय, वयाने मोठ्या माणसाच्या शब्दावर संशय घ्यायचा का, मला नाही वाटत माझं काही चुकलं.

चावी घेताना म्हणे बँकेचा सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळी टाकतो. खाली टेम्पो भरून उभा, काय करणार? घर सोडताना भिंती, नळ, ट्रॉल्या सगळ्याचा व्हिडिओ ओनरसमोरच काढा, मी नंतर काढला, तो "एडिटेड" ठरला.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न, रजिस्टर ॲग्रीमेंट कुठंय? पहिलं 11 महिन्यांचं होतं, दुसरं काकांनी "करू की" म्हणत केलंच नाही. मग "मॅडम सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा". अहो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, करार रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, आणि रजिस्टर करार नसेल तर मालक उलटं सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं. हे मी मोबाईलवर काढून दाखवलं, साहेबांनी बघितलंसुद्धा नाही, साधा अर्जही घेतला नाही. गुन्हा त्याचा आणि हाकलून मला देतात!

उलट काकाच दम देतायत की करार संपल्यावर राहिलात, कलम 24 लावून डबल भाडं वसूल करीन. दर महिन्याला भाडं मुकाट खात्यात घेत होते तेव्हा कुठे होतं कलम 24? भाडं कायम ऑनलाईनच द्या, आत्ता माझ्याकडे पुरावा म्हणून बँक स्टेटमेंटच आहे. रंगाचे पैसे कोण देणार ते करारात आकड्यासकट लिहून घ्या, एजंट "नॉर्मल असतं मॅडम" म्हणतो आणि एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज घेऊन गायब होतो.

वकिलाची नोटीस पाठवलीय, त्याचे 4,000 वेगळे गेले. उत्तर अजून नाही, आणि फ्लॅट 24,000 ने परत भाड्याला लावलाय, रंग न काढताच.