सहकारी ग्राहक भांडारातून घरचा किराणा: लातूरमधील काही महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरचा बहुतेक किराणा लातूरमधील एका सहकारी, म्हणजे सभासदांच्याच मालकीच्या, ग्राहक भांडारातून येतो. केवळ स्वस्ताईच्या अपेक्षेने तेथे जाणाऱ्याची काही बाबतींत निराशा होईल. पण ज्याला आपल्या दुकानाचा हिशेब पाहायचा आणि विचारायचा आहे, त्याने सभासद जरूर व्हावे, असे माझे मत झाले आहे.

साबण, चहापूड, बिस्किटे अशा कंपन्यांच्या मालावर मोठ्या मॉलमध्ये जी सूट मिळते ती येथे मिळत नाही, कारण तेवढी घाऊक खरेदी करण्याची भांडाराची ऐपत नाही. धान्य आणि डाळींचे गणित मात्र वेगळे आहे. लातूर ही तूरडाळीची मोठी बाजारपेठ आहे, आणि नवी तूर मोंढ्यात येऊ लागली की भांडाराची खरेदी समिती थेट डाळ मिलमधून माल उचलते. मधला एक व्यापारी टळल्यामुळे डाळ आम्हाला वाजवी भावात मिळाली. ज्वारी आणि करडईच्या तेलाबाबतही तोच अनुभव आला. वजन ग्राहकासमोर होते, आणि एकदा हरभराडाळीत किडे निघाले तेव्हा ती वाद न घालता बदलून मिळाली. वाणांची निवड मात्र तोकडी आहे आणि दुपारी भांडार बंद असते, हा नोकरदारांना खरा त्रास आहे.

भांडाराचा सगळा लाभ बिलावरच्या भावात दिसत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत ठेवावा लागतो आणि भागांवरचा (शेअर्सवरचा) लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. त्यानंतर उपविधीत (संस्थेच्या स्वतःच्या नियमांत) तरतूद असल्यास सभासदाला त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परतावा मिळू शकतो. समजा, एखाद्या कुटुंबाने वर्षात ६०,००० रुपयांचा माल घेतला आणि परतावा २ टक्के ठरला, तर १,२०० रुपये परत येतात. १८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे विणकर आणि इतर कामगारांनी पीठ, साखर, लोणी असा मोजका माल ठेवून जे दुकान उघडले, त्या दुकानाने हीच रीत रूढ केली. म्हणून प्रत्येक बिलावर आपला सभासद क्रमांक घालून घ्यावा. अनेकजण ते करत नाहीत आणि हक्काचा परतावा गमावतात.

रॉचडेलच्या त्या दुकानाचा दुसरा नियम रोखीचा होता, आणि आमचे भांडारही उधारी देत नाही. यामागचे कारण मला पटते: भांडाराचे खेळते भांडवल सभासदांच्याच पैशातून उभे राहते, ते उधारीत अडकले की हंगामात तूर घ्यायला पैसा उरत नाही आणि स्वस्त डाळीचा लाभ सर्वांच्याच हातून जातो. तरीही ज्यांच्या हाती पैसा सोयाबीन किंवा तूर विकल्यावरच येतो, अशा घरांना गल्लीतला दुकानदारच जवळचा वाटतो. मराठवाड्यासारख्या कोरडवाहू भागात भांडाराची सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते.

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. भाग एक असो वा शंभर, मत प्रत्येकाला एकच. सभेपूर्वी ताळेबंद आणि लेखापरीक्षकाचे शेरे अवश्य वाचावेत, विशेषतः मालातील तूट किती दाखवली आहे ते पाहावे. नोंदीतला साठा आणि गोदामातला साठा यांत वाढत जाणारा फरक हे भांडार डबघाईला येण्याचे पहिले लक्षण असते.

येत्या सभेत मी असे सुचवणार आहे की, शेतकरी आणि शेतमजूर सभासदांसाठी सुगीपर्यंतची मर्यादित उधारी वेगळ्या निधीतून सुरू करावी, आणि तो निधी नफ्याच्या वाटपातच बाजूला काढावा, म्हणजे डाळखरेदीच्या पैशाला हात लावावा लागणार नाही.