दुसऱ्या बेटावर हरवलेले कुतूहल

१९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’मधला सर्वांत भेदक क्षण टी-रेक्स हा महाकाय मांसाहारी डायनोसॉर दिसण्यापूर्वीचा आहे. पावसात अडकलेल्या गाडीत, डॅशबोर्डवरच्या पेल्यांतील पाण्यावर वर्तुळे उमटू लागतात आणि आपल्या अंगावर काटा येतो. दोन तासांच्या या चित्रपटात डायनोसॉर जेमतेम पंधरा मिनिटे दिसतात. उरलेला वेळ दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग आपल्याला त्यांची वाट पाहायला लावतात.

त्यांनीच १९९७ साली केलेल्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या उत्तरभागात ही प्रतीक्षाच उरलेली नाही. टी-रेक्सची जोडी आहे, पिल्लूही आहे, आणि माणसे तर इतकी वाढली आहेत की कोण मेले याची हळहळ वाटण्याआधीच पुढचा बळी जातो. पहिल्या भागात मिश्कील भाष्य करणारा इयन माल्कम येथे नायक झाला खरा, पण त्याचा मिश्कीलपणा ओसरून केवळ वैताग राहिला आहे.

तरीही कड्यावर लोंबकळणाऱ्या ट्रेलरचा प्रसंग मी मूळ चित्रपटातील कोणत्याही प्रसंगाच्या तोडीचा मानतो. अभिनेत्री ज्युलियन मूर काचेवर पालथी पडलेली, तळव्याखालून तडे सरसरत पसरणारे आणि खाली खवळलेला समुद्र; येथे स्पिलबर्ग पुन्हा तेच पेल्यातले पाणी आपल्यासमोर ठेवतात. सॅन दिएगोमधला शेवट मात्र जोडकाम वाटतो. जलतरण तलावात पाणी पिणारा टी-रेक्स लक्षात राहतो, पण पहिल्या भागात ब्रॅकिओसॉरस हा लांब मानेचा डायनोसॉर पहिल्यांदा पाहताना जॉन विल्यम्स यांच्या संगीतासह जसा ऊर भरून आला होता, तसा येथे एकदाही येत नाही.