टीम सुटल्यावरचा ड्राफ्ट: स्लीपर आणि मायफँटसीलीग कितपत साथ देतात?

फँटसी फुटबॉलमध्ये प्रत्येक जण एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवतो आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवतो. डायनेस्टी लीगमध्ये तीच टीम वर्षानुवर्षं सांभाळायची असते. बारा जणांची अशी लीग तिसऱ्या वर्षीही बाराचीच राहिली तर नवल. कोणी कंटाळतो, कोणी पुढच्या वर्षांचे सगळे पिक (ड्राफ्टमध्ये आपल्या पाळीला खेळाडू निवडायचे हक्क) विकून मोकळा होतो, आणि मग ग्रुपवर ‘यंदापासून मी नाही’ एवढाच मेसेज येतो. मग सुटलेल्या टीमचे खेळाडू आणि पिक एका साठ्यात टाकून त्यांचा वेगळा ड्राफ्ट घ्यायचा असतो. त्यात लीग चालवणाऱ्या कमिशनरला स्लीपर आणि मायफँटसीलीग (एमएफएल) यांपैकी कोणतं ॲप किती उपयोगी पडतं, एवढंच इथे पाहिलं आहे. स्कोअरिंग, चॅट, दिसणं यांवर भरपूर लिहून झालंय.

स्लीपर फुकट आहे आणि त्याची ड्राफ्ट रूम उत्तम आहे. स्नेक (दर फेरीत क्रम उलटतो), सरळ क्रम, लिलाव असे तिन्ही प्रकार मिळतात. कमिशनरला ड्राफ्ट थांबवता येतो, चुकलेला पिक मागे घेता येतो, घड्याळ काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत लावता येतं. अडतं ते खेळाडूंच्या यादीपाशी. सगळे खेळाडू, फक्त रुकी (पहिल्याच वर्षाचे) किंवा फक्त जुने, एवढेच फिल्टर आहेत. सुटलेल्या दोन टीमचे पन्नास खेळाडूच दिसावेत, असं सरळ सांगायची सोय नाही. त्यामुळे हा ड्राफ्ट मूळ लीगमध्ये न घेता बाजूला एक तात्पुरती लीग काढून तिथे घ्यावा. साठ्याची यादी स्प्रेडशीटमध्ये सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची आणि यादीबाहेरचं नाव कोणी घेतलं की कमिशनरने पिक मागे घ्यायचा. ऑटोपिक मात्र सगळ्यांचं बंद हवं, कारण ॲप यादी न बघता सरळ वरचं नाव उचलतं. ड्राफ्ट संपला की खेळाडू मूळ लीगमध्ये हातानेच हलवावे लागतात. तासाभराचं काम आहे, पण दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

साठ्यातले पुढच्या वर्षांचे पिक ड्राफ्ट रूममध्ये दिसतच नाहीत. त्यावर जुनी युक्ती आहे: किकरना (चेंडू लाथेने मारणाऱ्या खेळाडूंना) पिकचे प्रतिनिधी करायचं. अमुक किकर म्हणजे अमुक टीमचा पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक, असा तक्ता आधी लावायचा. लीगमध्ये किकर खेळवत असाल तर डिफेन्स (एका एनएफएल टीमचा अख्खा बचाव, फँटसीत एकच नाव) वापरा, पण ते साठ्यात नसतील तरच. एनएफएलच्या 32 टीम, म्हणजे 32 डिफेन्स. दोन टीमचे तीन वर्षांचे, चार फेऱ्यांचे मिळून 24 पिक होतात, सहज बसतात.

सुटलेल्यांच्या जागी तेवढेच नवे आले तर प्रकरण सोपं. दोघंच असतील तर ड्राफ्ट रूमचीही गरज नाही. एक-दोन-दोन-एक असा क्रम लावून स्प्रेडशीटवर भागतं. फक्त जागेचा घोळ आधी मिटवा. प्रत्येक पिक ॲपमध्ये मूळ टीमच्या जागेला चिकटलेला असतो, आणि ती टीम जितकी हरते तितका तो वरचा ठरतो. सुटलेल्या टीमचा पहिल्या फेरीचा पिक तिसऱ्याच कोणाकडे विकला गेला असेल, तर त्या जागेवर बसणाऱ्याला मुद्दाम हरून काहीच मिळत नाही, शेजारच्या नव्या माणसाला मात्र मिळतं. ज्याला खेळाडूंचा पहिला पिक मिळाला त्याने जागा शेवटी निवडावी, म्हणजे तक्रार राहत नाही.

नवे आले नाहीत आणि बाराच्या दहा टीम करायच्या ठरल्या की खरा गुंता. प्रत्येक टीमचा पंचवीस खेळाडूंचा रोस्टर (खेळाडूंचा ताफा) धरा. साठ्यात 50 खेळाडू आणि, एकही विकला गेला नसेल तर, 24 पिक, म्हणजे 74 गोष्टी. दहा टीमच्या सात फेऱ्या केल्या की 70 संपतात, उरलेल्या चारांतले खेळाडू वेव्हरवर (कोणाच्याच टीममध्ये नसलेल्यांच्या यादीत) जातात आणि पिक रद्द होतात. रोस्टर कापायची मुदत ड्राफ्ट पूर्ण झाल्यानंतरचीच ठेवा. फेऱ्यांच्या मध्ये कापायला लावलं की कापलेला खेळाडू साठ्यात धरायचा की नाही यावर वाद पेटतो. नको असलेला पिक सोडून द्यायची मुभाही लिहून ठेवा. टीम सोडायचा मेसेज आला त्या क्षणापासून त्या टीमचे ट्रेड बंद, हे तर पहिलं कलम.

स्नेक की सरळ यावर डोकं खर्च करू नका. दोन टीमच्या साठ्यात खरा माल पहिल्या दहा-बारा नावांतच संपतो, तेव्हा भांडायचं तर पहिल्या फेरीच्या क्रमावर भांडा. तो क्रम हार-जीतीवर लावू नये. प्रत्येक आठवड्यात बेंचसकट सर्वोत्तम लाइनअप लावली असती तर किती गुण झाले असते, त्याची हंगामभराची बेरीज घ्यावी आणि सर्वांत कमी बेरीजवाल्याला पहिला पिक द्यावा. स्लीपरच्या तक्त्यात हा आकडा मिळतो. चांगले खेळाडू बेंचवर बसवून हरणाऱ्याला त्यात फायदा नसतो.

त्याहून सरस उपाय म्हणजे लिलाव. 1976 मध्ये एबीए ही बास्केटबॉल लीग एनबीएत विलीन झाली, तेव्हा केंटकी आणि सेंट लुइसच्या टीम बंद पडल्या. त्यांच्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये प्रत्येकावर किंमत लावलेली होती. आर्टिस गिलमोरसाठी शिकागो बुल्सने 11 लाख डॉलर मोजले. फँटसीत पैसे खोटे, तत्त्व तेच: चांगलं हवं तर बाकीचं सोडा. स्लीपरच्या लिलावात बजेट हवं तसं ठेवता येतं.

आता विकले गेलेले पिक. टीमच नाहीशी झाली, तर तिचा दोन वर्षांनंतरचा पिक ज्याच्याकडे आहे त्याचं काय? रद्द करणं म्हणजे सरळ लूट, त्याने त्यासाठी खेळाडू दिलेला आहे. हंगाम संपून टीम सुटली असेल तर लगेचच्या ड्राफ्टमध्ये तिचं ठरलेलं स्थान कायम ठेवा. त्यापुढच्या वर्षांसाठी अशा पिकना बारापैकी सहावं आणि सातवं स्थान द्या, कोणतं कोणाला ते चिठ्ठी टाकून. सरासरी साडेसहा येते. कोणाला लॉटरी लागत नाही, कोणी बुडतही नाही. शेवटी अकरावं-बारावं देण्याची पद्धतही चालते, पण त्यात कमकुवत टीमचा पिक महागात घेतलेला माणूस नाहक मरतो.

इथे एमएफएल पुढे निघून जातं. ड्राफ्टचा क्रम पिकागणिक हवा तसा लावता येतो, त्यामुळे ही भुताची स्थानं सहज बसतात. सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) आणि करारांच्या लीग त्यात चालतात, म्हणजे सुटलेल्या खेळाडूचा करार नव्या मालकाकडे जातो की नाही, हाही प्रश्न तिथेच सोडवता येतो. पण दरवर्षी फी आहे, मांडणी जुनाट आहे, आणि सेटिंगच्या पानांत नवा कमिशनर हरवतो.

दोन्हींपैकी एकही ॲप सांगणार नाही अशी एक गोष्ट सुपरफ्लेक्सवाल्यांनी, म्हणजे जिथे दोन क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) खेळवता येतात अशा लीगवाल्यांनी, लक्षात घ्यावी. बारा टीमना दर आठवड्याला 24 क्वार्टरबॅक लागतात, दहा टीमना 20. एनएफएलमध्ये सुरुवात करणारे 32 असतात. म्हणजे उरणारे आठाचे बारा होतात आणि मधल्या फळीतल्या क्वार्टरबॅकचा भाव पडतो. टीम कमी होणार हे ज्याला आधी कळतं, तो ते विकून टाकतो. म्हणून संख्या घटवायची चर्चा सुरू होताच सगळ्यांचेच ट्रेड थांबवा आणि ड्राफ्टनंतर उघडा.