जेल लावून मोकळे की रात्रभर पिळात? घट्ट कुरळ्या केसांचं काय करावं

केस धुण्यापर्यंत दोन्ही पद्धतींत काहीच फरक नाही. शाम्पू टाळूला, कंडिशनर लांबीला, आणि कंडिशनर असतानाच टोकांकडून वर गुंता सोडवायचा, हे तुम्ही करतच असाल. प्रश्न पडतो तो त्यानंतर. ओल्या केसांना जेल लावून ते आहेत तसे वाळू द्यायचे, म्हणजे वॉश अँड गो, की दुपेडी पीळ घालून झोपायचं आणि सकाळी सोडायचे, म्हणजे ट्विस्ट-आउट? पहिली पद्धत मी दोन वर्षं केली, दुसरीला आता तीन होत आली. माझे केस दाट, स्प्रिंगसारखे घट्ट, पण एकेक केस बारीक. पुढचं सगळं याच केसांवरून सांगते आहे.

वॉश अँड गोचं कौतुक मनापासून करते. पाणी निथळत असतानाच जेल चोपडलं की बटा एकमेकींना धरून राहतात. वाळल्यावर वर कडक पापुद्रा येतो, तो तळव्याला थेंबभर तेल लावून हलकेच चुरगाळला की आत मऊ, चमकदार, आपलं स्वतःचं वळण. डिफ्युझर, म्हणजे ड्रायरच्या तोंडाला बसवायचं वारा पसरवणारं टोपण, असेल तर त्याच दिवशी बाहेर पडता येतं. केस आखडतात खूप, ओले असताना खांद्याखाली येणारे माझे केस वाळल्यावर हनुवटीपाशी थांबायचे. त्याचंही मला काही वाटत नव्हतं.

मला नको झालं ते टोकांच्या गाठींनी. गुंता वेगळा, तो सुटतो. ही एकाच केसाची स्वतःभोवती बसलेली गाठ, खसखशीच्या दाण्याहून लहान. डोळ्यांना सहसा दिसतच नाही. बट दोन बोटांत धरून खाली सरकवत आणली की टोकाशी काहीतरी खरखरतं, तीच. आखडलेला केस स्वतःवरच वळतो, टोक आपल्याच वेटोळ्यातून आत शिरतं आणि गाठ आवळली जाते. मग ती शेजारच्या चार केसांना अडकवते. सोडवायला गेलं तर केस तुटतो, म्हणून गाठीच्या किंचित वर कात्री लावायची. दर धुण्याला माझा पाऊण तास यातच जायचा आणि मांडीवरच्या पांढऱ्या टॉवेलवर बारीक तुकडे साचायचे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. माझे केस वाढायचे थांबलेत असं मी दोन वर्षं धरून चालले होते. ते वाढत होते, तेवढेच खालून जात होते. रोज सकाळी पाणी फवारून बटा ताज्या करायची सवय होती, तिने भरच पडली असावी, कारण प्रत्येक वेळी केस नव्याने आखडत होते.

पिळात केस ताणलेला राहतो आणि टोक बांधलेलं असतं. मी साधारण वीस पीळ घालते, लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायचं कंडिशनर) आणि थोडं क्रीम लावून, आणि प्रत्येकाचं टोक बोटाभोवती गुंडाळून सोडते. यात माझी संध्याकाळ जाते, हे लपवणार नाही. शिवाय वाळण्याच्या बाबतीत घाई चालत नाही. ओल्या केसातले हायड्रोजन बंध सुटलेले असतात, पाणी उडून गेलं की ते नव्या आकारात जुळतात. अर्धवट ओला पीळ सोडला तर तासाभरात सगळे केस फुगतात आणि रात्रभराची मेहनत फुकट. वरून कोरडा वाटणारा पीळ आत ओला असू शकतो, म्हणून मी तो गालाला लावून बघते. गार लागला तर अजून थांबायचं. आता केस निथळू देते, बरेचसे सुकले की मगच पीळ घालते. तेव्हापासून सकाळची फजिती जवळजवळ थांबली.

दमट हवेत मात्र जेल सरस ठरतं. ट्विस्ट-आउटचा ताणलेला केस हवेतली ओल घेऊन पुन्हा आखडतो, त्यावर उपाय मला सापडलेला नाही. त्यात ग्लिसरीन भरपूर असलेलं क्रीम वापरलं तर आणखी लवकर.

तुमचे केस सैल लाटांचे किंवा जाड असतील तर अशा गाठी फारशा होत नाहीत, मग पिळांसाठी संध्याकाळ घालवायचं कारण मला तरी दिसत नाही. केस घट्ट आणि बारीक असतील, तर पुढच्या धुण्याला आठ-दहा बटांची टोकं बोटांनी चाचपून बघा. निम्म्या बटा खरखरल्या तर मी पीळ निवडेन. घाईच्या आठवड्यात मीही जेल लावूनच बाहेर पडते. फक्त दुसऱ्या रात्री, बटा मोडायला लागायच्या आत, हात थोडे ओले करून सैल पीळ घालते आणि मगच झोपते.